‘पॉइज्ड’ या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमके काय म्हणावे?

नवखा_अनुवादक (प्रश्न)

नमस्कार. गेल्या वर्षभरापासून मी इंग्रजीतून मराठीत अनुवादाचे काम करतो आहे. एका साध्या दिसणाऱ्या शब्दाने मला तीनदा तोंडघशी पाडले, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो. शब्द आहे ‘पॉइज्ड’ (poised). त्याचे नाम ‘पॉइज’ (poise).

पहिल्यांदा तो एका न्यायालयीन प्रसंगाच्या वर्णनात भेटला. विरुद्ध पक्षाचा वकील तासभर उलटतपासणी घेत असताना साक्षीदार स्त्री अखेरपर्यंत ‘पॉइज्ड’ राहिली, असे तेथे म्हटले होते. मी ‘ती शांत राहिली’ असे लिहिले आणि ते खपून गेले. दुसऱ्यांदा तो एका उद्योगविषयक वृत्तान्तात आला. एक कंपनी नव्या बाजारपेठेत उतरण्यास ‘पॉइज्ड’ होती. पहिला अर्थ डोक्यात असल्यामुळे मी ‘कंपनी शांतपणे सज्ज आहे’ असे लिहिले, तेव्हा संपादकांनी ‘शांतपणे’ या शब्दावर काट मारून समोर ‘का, एरवी आरडाओरडा करते काय?’ असा शेरा लिहिला. त्यातून धडा घेऊन मी ‘सज्ज’ हा एकच शब्द पक्का केला. मग तिसऱ्यांदा एका कथेत चहाचा कप टेबलाच्या अगदी कडेवर ‘पॉइज्ड’ असल्याचे वाक्य आले आणि मी प्रामाणिकपणे ‘कप टेबलाच्या कडेवर सज्ज होता’ असे लिहून मोकळा झालो. या वेळी समासात एकच शब्द होता : ‘कशासाठी?’

माझी अडचण अशी आहे की, कोशात ‘संतुलित’, ‘शांत’, ‘सज्ज’, ‘डौलदार’ असे एकमेकांशी फारसा संबंध नसलेले पर्याय एका ओळीत दिलेले असतात आणि कोणता केव्हा घ्यायचा ते कळत नाही. हा एकच शब्द आहे, की योगायोगाने सारखे दिसणारे दोन? ‘काम’ (calm), ‘कम्पोज्ड’ (composed), ‘रेडी’ (ready) यांच्यापेक्षा तो वेगळा कशामुळे ठरतो? आणि मराठीत त्याला एखादा नेमका प्रतिशब्द आहे काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तागडी

आपला कपाचा प्रसंग वाचून हसू आले खरे, पण या शब्दाची किल्ली त्या कपातच आहे.

शब्द एकच आहे. ‘पॉइज’चा मूळ अर्थ ना शांतता, ना सज्जता. मूळ अर्थ आहे ‘वजन’. लॅटिनमध्ये ‘पेन्देरे’ म्हणजे टांगून तोलणे, त्यापासून ‘पेन्सुम’ म्हणजे तोललेली वस्तू, त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘पॉइस’ आणि तेथून मध्ययुगीन इंग्रजीत ‘पॉइज’. प्रथम वजन, मग दोन वजनांचा तोल, मग शरीराचा तोल आणि शेवटी मनाचा, अशी ही वाटचाल आहे. टांगत्या लंबकाला म्हणतात तो ‘पेंड्युलम’ आणि विचारात गढलेल्या माणसासाठी असलेला ‘पेन्सिव्ह’ हे दोघेही याच घरचे. विचार करणे म्हणजे मनात तोलून पाहणेच असते. वजनाचा ‘पौंड’ही यांचाच भाऊबंद. (जाता जाता : विष या अर्थाचा ‘पॉइझन’ कानाला जवळचा वाटला तरी त्याचा येथे काही संबंध नाही. तो ‘पेय’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे.)

आता जुन्या पद्धतीचा तराजू डोळ्यांसमोर आणावा. दोन्ही पारड्यांत माल आणि माप ठेवले आहे, दांडी आडवी झाली आहे आणि काटा मधोमध थांबला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो स्तब्ध दिसतो, पण रिकामा पडून असलेला तराजू आणि हा तराजू यांत फरक आहे. रिकाम्या तराजूवर काहीच भार नाही. या तराजूवर दोन्हीकडून भार आहे, आणि ते दोन भार एकमेकांना धरून आहेत म्हणूनच तो स्थिर आहे. एका पारड्यात चिमूटभर दाणे पडले तरी काटा हलेल. ‘पॉइज्ड’ म्हणजे ही अवस्था. तिची स्थिरता पाहिली की आपण ‘शांत’ म्हणतो, आणि कोणत्याही क्षणी हलण्याची तिची शक्यता पाहिली की ‘सज्ज’ किंवा ‘बेतात’ म्हणतो. म्हणून कोशात जे दोन निरनिराळे अर्थ वाटतात, ते एकाच काट्याकडे दोन बाजूंनी पाहणे आहे.

आपल्या तिन्ही वाक्यांना हे लावून पाहावे. साक्षीदार स्त्रीवर वकिलाच्या प्रश्नांचा भार आहे आणि तरी तिचा काटा मध्यावर आहे. कंपनीने सगळी जुळवाजुळव केली आहे आणि आता केवळ एक पाऊल उरले आहे. कपाचा अर्धा तळ टेबलावर आणि अर्धा बाहेर आहे. तो पडलेला नाही, पण त्याला सुरक्षितही म्हणता येणार नाही. तिन्ही ठिकाणी तोल आहे, आणि त्या तोलाच्या पोटात हालचाल दडलेली आहे.

‘काम’शी असलेला फरकही यातूनच दिसतो. झोपलेल्या माणसाला इंग्रजीत ‘काम’ म्हणता येते, वारा पडल्यावरच्या समुद्रालाही म्हणता येते, परंतु त्यांपैकी कोणालाही ‘पॉइज्ड’ म्हणत नाहीत, कारण तेथे तोलून धरण्यासारखे काहीच नाही.

वाक्यविचार

व्युत्पत्ती वर उत्तम आली आहे. अनुवाद करताना मात्र शब्दाच्या पाठोपाठ काय येते याकडे पाहिल्यास पुष्कळ काम सोपे होते.

‘पॉइज्ड’ नंतर काहीच नसेल आणि कर्ता माणूस असेल, तर तो स्वभावाविषयी किंवा वागण्याविषयी बोलतो. तेथे स्थिरचित्त, संयत, धीरगंभीर यांपैकी काही तरी बसते. पाठोपाठ ‘टु’ आणि क्रियापद आले किंवा ‘फॉर’ आणि नाम आले, तर रोख पुढे घडणाऱ्या गोष्टीकडे असतो. तेथे ‘-च्या तयारीत’, ‘-च्या बेतात’, ‘-ण्यास सज्ज’ यांतून निवड करावी. ‘ऑन’, ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’ आले, तर बहुधा एखादी वस्तू किंवा अवयव खरोखरच कोठे तरी तोललेला असतो : कागदावर टेकण्याआधी थबकलेले पेन, बुद्धिबळाच्या सोंगटीवर येऊन थांबलेला हात. आणि ‘बिट्वीन’ आले, तर दोन अवस्थांच्या मधोमध असणे.

यात एक खाच आहे. ‘टु’ लागलेल्या वापरात शांततेचा अर्थ पुष्कळदा इतका झिजलेला असतो की तो अनुवादात आणायचा आग्रह धरू नये. वृत्तपत्री इंग्रजीत ‘पॉइज्ड टु’ म्हणजे बहुतेक वेळा ‘लवकरच करणार’ एवढेच. आपल्या संपादकांचा शेरा खोचक असला तरी रास्त होता.

‘रेडी’पासून तो निराळा कसा, याचेही उत्तर येथेच आहे. प्रवासाची पिशवी आदल्या रात्री भरून ठेवणारा माणूस ‘रेडी’ असतो आणि तसाच निवांत झोपूही शकतो. ‘पॉइज्ड’ होण्यासाठी त्याला दारात, एक पाय उचलून उभे राहावे लागेल.

स्टार्टिंग_ब्लॉक

मी तरुणपणी धावपटू होतो आणि आता मुलांना शिकवतो. भाषेचा अभ्यासक नाही, तरी एका मुद्द्यावर थोडे वेगळे म्हणायचे आहे. वरच्या प्रतिसादात ‘टु’ लागला की शांतता बाजूला ठेवावी, असे सुचवले आहे. वृत्तपत्रांपुरते ते खरे असेल, पण धावपट्टीवर तसे करून चालणार नाही.

चारशे मीटरपर्यंतच्या शर्यतींत सुरुवातीला दोन आज्ञा दिल्या जातात. पहिल्या आज्ञेला धावपटू ब्लॉकमध्ये पाय रोवून, एक गुडघा जमिनीला टेकवून बसतो. ‘सेट’ या दुसऱ्या आज्ञेला तो कंबर वर उचलतो, भार पुढे हातांच्या बोटांवर घेतो आणि थिजल्यासारखा स्थिर होतो. सगळे धावपटू स्थिर झाले आहेत, अशी खात्री पटल्याशिवाय सुरुवातीचा इशारा देणारा बार काढला जात नाही. बार निघाल्यापासून सेकंदाच्या एक दशांशाच्या, म्हणजे 0.1 सेकंदाच्या आत ज्याची हालचाल नोंदली जाते, त्याची सुरुवात चुकीची धरतात. आवाज कानावर पडून शरीराने प्रतिसाद द्यायला निदान तेवढा अवधी लागतो, हे त्यामागचे गृहीतक आहे. म्हणजे त्याने आवाज ऐकून नव्हे, तर अंदाजाने उडी घेतली, असे मानले जाते.

‘सेट’ आणि बार यांच्यामधल्या त्या एकदोन सेकंदांत धावपटू जसा असतो, त्याला आम्ही प्रशिक्षक इंग्रजीत ‘पॉइज्ड’ म्हणतो. त्याच्या मांड्या आणि पोटऱ्या ताणलेल्या असतात, पण जबडा, मान आणि चेहरा सैल असावा लागतो. नवख्या मुलांचे याच्या उलट होते : दात आवळलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले आणि पाय मात्र ढिले. असा मुलगा एक तर बाराच्या आधी सुटतो किंवा बार झाल्यावर क्षणभर जागीच अडकतो. मी त्यांना ‘शांत राहा’ म्हणून पाहिले, तेव्हा ती सैलावली आणि मागे पडली. ‘तयार राहा’ म्हणून पाहिले, तेव्हा ती आणखी ताठरली. शेवटी ‘तोंड सैल, पाय जागे’ असे सांगू लागलो आणि मुलांना ते कळले.

म्हणून मला वाटते की, या शब्दात शांतता आणि सज्जता यांची नुसती बेरीज नाही. ताण कोठे असावा आणि कोठे नसावा, याची ती वाटणी आहे.

नवखा_अनुवादक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ‘तोंड सैल, पाय जागे’ हे वहीत लिहून ठेवले आहे.

आता मराठी प्रतिशब्दांकडे वळतो. तुमचे प्रतिसाद वाचून मी काही शब्द चाचपून पाहिले. ‘स्थितप्रज्ञ’ हा मला सर्वांत भारदस्त वाटला. ‘पवित्रा’ हाही जवळचा वाटतो. ‘तटस्थ’, ‘दबा धरून’ आणि ‘प्रसंगावधान’ हे शब्दही मनात आले. शिवाय हल्ली कलाकारांच्या मुलाखतींत ‘ठेहराव’ हा शब्द वरचेवर ऐकू येतो. यांपैकी काही चालेल काय?

जुनी_पाटी

आपण दिलेले शब्द एकेक करून पाहू, कारण त्यांतला जो बसत नाही तो का बसत नाही, हे पाहताना मूळ इंग्रजी शब्दही अधिक स्पष्ट होतो.

‘स्थितप्रज्ञ’ येथे फार मोठा पडतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन या पुरुषाची लक्षणे विचारतो, आणि उत्तरात जी येतात त्यांत दुःखाने उद्विग्न न होणे आणि सुखाची स्पृहा न धरणे यांचा समावेश आहे. ही आयुष्यभराच्या साधनेने येणारी अवस्था आहे. इंग्रजीतला ‘पॉइज’ मात्र संध्याकाळच्या एका समारंभापुरताही असू शकतो. घरी परतल्यावर ती व्यक्ती उशीत तोंड खुपसून रडली, तरी समारंभातला तिचा ‘पॉइज’ खोटा ठरत नाही. शिवाय स्थितप्रज्ञाला यश आणि अपयश सारखेच, तर झेप घ्यायला टेकलेल्या मांजराला उंदीर हवाच असतो.

‘तटस्थ’ हा तर मूळ चित्रातच उलटा आहे. तट म्हणजे काठ. काठावर उभा राहून जो नुसते पाहतो तो तटस्थ. त्याला पाण्यात उतरायचे नसते. ‘पॉइज्ड’ माणूसही काठावरच असतो, पण तो सूर मारायच्या फळीच्या टोकाशी, टाचा उचलून. जागा एक असली, तरी दोघांचा बेत अगदी वेगळा.

‘दबा धरणे’ आणि ‘टपून बसणे’ यांत सज्जता भरपूर आहे, पण दोहोंनाही वाईट हेतूचा वास आहे. मांजर दबा धरून बसले, हे शोभते. व्हायोलिनवर गज टेकवण्याआधी क्षणभर थांबलेली वादक दबा धरून बसली, असे लिहिल्यास ती प्रेक्षकांवर झडप घालणार की काय, अशी शंका येईल.

‘पवित्रा’ हा शब्द मला मनापासून आवडतो. कुस्तीत किंवा दांडपट्ट्यात पाय टाकून, भार तोलून घेतलेली उभे राहण्याची रीत म्हणजे पवित्रा, आणि त्यात शरीराचा तोल आणि पुढच्या हालचालीची तयारी ही दोन्ही अंगे आहेत. दुर्दैवाने बातम्यांनी त्याला ‘आक्रमक’ हे विशेषण इतके घट्ट चिकटवून टाकले आहे की, नुसता ‘पवित्रा’ म्हटला तरी वाचकाला मोर्चाच दिसतो. लढतीच्या किंवा खेळाच्या वर्णनात मात्र तो बेलाशक वापरावा.

‘प्रसंगावधान’ फार जवळचे आहे, परंतु ते प्रसंग घडल्यावर दिसते. स्वयंपाकघरात कढईने पेट घेतला आणि कोणी तरी पाणी न ओतता चटकन झाकण ठेवले, तर ते प्रसंगावधान. ‘पॉइज’ प्रसंगाच्या आधीही दिसतो, आणि प्रसंग न घडला तरी तो असतोच. ‘ठेहराव’ हिंदीतून उसना आलेला आहे आणि त्यात थांबणेच अधिक आहे. पुढची झेप त्यात नाही. मला तो गायनाच्या संदर्भात ठीक वाटतो, इतरत्र खटकतो.

आता माझे मत. ‘तागडी’ यांनी इंग्रजी शब्दाच्या मुळाशी वजन आणि तोल असल्याचे सांगितले, पण मराठीतला ‘तोल’ हा शब्दच त्याचा जुळा भाऊ आहे, हे सांगायचे राहून गेले. संस्कृतात ‘तुल्’ या धातूचे अर्थ उचलणे आणि तोलणे असे दोन्ही आहेत, आणि त्यापासून तुला, तुलना, तुल्य, तोळा, तोल असा मोठा परिवार आला. (ग्रीकमधला तराजू आणि वजन या अर्थाचा ‘तालान्तोन’ हाही याच प्राचीन मुळाचा, इंग्रजी ‘टॅलन्ट’ त्यावरून आला.) विशेष म्हणजे मराठीत ‘तोलणे’ केवळ दुकानातल्या मालापुरते नाही. भाला फेकण्याआधी तो खांद्याच्या वर धरून, त्याचा मध्य हाताने अजमावून क्षणभर स्थिर धरतात. त्याला आपण ‘भाला तोलून धरला’ असे म्हणतो, आणि जुन्या इंग्रजीत नेमक्या याच कृतीसाठी ‘पॉइज’ हे क्रियापद येते. इतके तंतोतंत जुळणारे शब्द दोन दूरच्या भाषांत क्वचित सापडतात.

मनाच्या बाबतीतही हे जुळते. ‘तोल जाणे’, ‘तोल ढळणे’, ‘तोल सावरणे’ ही रूपे आपण शरीरासाठी वापरतो, तशीच रागासाठीही वापरतो. इंग्रजीत ‘लूज’, ‘किप’, ‘रिगेन’ ही क्रियापदे ‘पॉइज’ला लागतात, तेथे मराठीत ‘ढळणे’, ‘राखणे’, ‘सावरणे’ ही बिनचूक बसतात. तेव्हा एकच शब्द शोधण्याऐवजी ‘तोल’ या मुळाभोवती वाक्य फिरवावे, असे मी सुचवीन. साक्षीदार स्त्रीबद्दल ‘तासाभराच्या उलटतपासणीत तिचा तोल एकदाही ढळला नाही’ असे लिहिले, तर ‘शांत राहिली’ या शब्दांपेक्षा पुष्कळ अधिक सांगितले जाते. तिच्यावर जोर लावला जात होता, हेही त्यात येते.

शरीराच्या चालण्या-उभे राहण्यातल्या ‘पॉइज’साठी मात्र ‘डौल’च घ्यावा. ‘ऐट’ किंवा ‘तोरा’ घेऊ नये, कारण त्यांत दुसऱ्याला दाखवण्याचा भाव आहे.

ओळंबा

‘कम्पोज्ड’ आणि ‘अप्लॉम’ यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो.

‘कम्पोज्ड’ दिसायला ‘पॉइज्ड’सारखा असला तरी त्याचे मूळ निराळे आहे, त्यात वजन नसून ठेवणे, रचणे आहे. विस्कटलेले जागच्या जागी ठेवले की माणूस ‘कम्पोज्ड’ होतो. म्हणून रडून झाल्यावर, धक्का ओसरल्यावर माणसाने स्वतःला ‘कम्पोज’ केले असे म्हणतात. मराठीत ‘स्वतःला सावरले’. त्याचे तोंड मागे घडून गेलेल्या गोष्टीकडे असते, तर ‘पॉइज्ड’चे पुढे येणाऱ्या गोष्टीकडे. हा फरक प्रत्येक वाक्यात काटेकोरपणे पाळला जातो असे नाही, पण शंका आली तर तो उपयोगी पडतो.

‘अप्लॉम’ फ्रेंचमधून आला आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘ओळंब्यात’ असा आहे. गवंडी भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडतो, तो ओळंबा. फ्रेंच ‘प्लों’ म्हणजे शिसे. एखादे अवघड काम बिनचूक आणि सहज ठसक्यात पार पाडणाऱ्या माणसाला हा शब्द लावतात. एक तराजूवरून आला, एक ओळंब्यावरून. मनाची स्थिरता सांगायला इंग्रजीने दोन्ही वेळा लोंबकळणाऱ्या वजनाचाच आधार घेतला, याची मला गंमत वाटते.

पांढरा_कोट

वैद्यकीय संशोधनातील एक वापर नोंदवतो, कारण ‘तागडी’ यांच्या तराजूचे चित्र तेथे अगदी शब्दशः लागू पडते. दोन उपचारांची तुलना करताना कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले जाते. अमुक उपचार अधिक चांगला, हे आधीच ठाऊक असेल, तर असे करणे अनैतिक ठरेल. म्हणून कोणता उपचार सरस याविषयी प्रामाणिक अनिश्चितता असली पाहिजे, अशी अट आहे, आणि त्या अवस्थेला ‘इक्विपॉइज’ म्हणतात. बेंजामिन फ्रीडमन यांनी 1987 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील लेखात असे मांडले की, ही समतुल्यता एकट्या डॉक्टरच्या मनात नव्हे, तर जाणकारांच्या समुदायात असावी. एखाद्या डॉक्टरचा कल एका बाजूला असू शकतो. समुदायाचा काटा मध्यावर असला म्हणजे पुरे.

येथेही स्थिरता तात्पुरतीच आहे. चाचणी घेण्यामागचा हेतूच मुळी तो काटा हलवण्याचा असतो.

प्रयोगशाळा

विषयाला थोडी बगल देतो, पण अनुवादकाला उपयोग होईल. भौतिकशास्त्राच्या मजकुरात ‘पॉइज’चेच स्पेलिंग दिसल्यास थांबावे. तेथे ते द्रवाच्या दाटपणाचे, म्हणजे विष्यंदितेचे एकक असते, त्याचा उच्चार ‘प्वाझ’ असा करतात आणि ते फ्रेंच वैद्य व भौतिकशास्त्रज्ञ प्वाझय (1797–1869) यांच्या नावावरून आले आहे. 20 अंश सेल्सियसला पाण्याची विष्यंदिता साधारण 1 सेंटिप्वाझ असते. ‘तेलाचा तोल अमुक इतका’ असे भाषांतर माझ्या डोळ्यांखालून प्रत्यक्ष गेले आहे.

दुसरी_बाजू

माझा सूर थोडा वेगळा लागेल, त्याबद्दल क्षमस्व. या शब्दाचे एवढे कौतुक वाचल्यावर त्याच्या वापरातील दोन दोषही सांगावेसे वाटतात.

पहिला दोष वृत्तलेखनातला. ‘पॉइज्ड टु’ हा प्रयोग आज इतका सरधोपट झाला आहे की, जेथे लेखकाला खात्री नसते पण तशी ती दाखवायची असते, तेथे तो येतो. कंपनी वाढण्यास ‘पॉइज्ड’ आहे, असे म्हटले की ती वाढेल असे वचनही दिले जात नाही आणि वाढणार नाही असेही म्हटले जात नाही. दोन्ही बाजूंनी सुटका. अनुवादकाने तेथे ‘सज्ज’ लिहिले तर तो मूळ लेखकापेक्षा अधिक ठाम होतो. अशा वेळी ‘वाढण्याची चिन्हे आहेत’ असे लिहिणे मला जास्त प्रामाणिक वाटते. कोसळणे, बुडणे अशा नकोशा घटनांसाठीही हा प्रयोग सर्रास करतात. इमारत कोसळण्यास सज्ज कशी असेल? तेथे ‘कोसळण्याच्या बेतात’ हेच योग्य, कारण मराठीत ‘बेत’ निर्जीव वस्तूही करतात आणि त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही.

दुसरा दोष माणसांच्या वर्णनातला. माझ्या वाचनात हे विशेषण स्त्रियांच्या वाट्याला जरा जास्तच येते, आणि ते बहुधा तिच्या बोलण्यापेक्षा तिच्या बसण्या-उठण्याला उद्देशून असते. त्याच प्रसंगी पुरुष असता तर ‘कूल’ किंवा ‘कम्पोज्ड’ म्हटले गेले असते. म्हणून अनुवादात ‘डौल’ आणि ‘तोल’ यांत निवड करताना मूळ लेखकाने तिची मान पाहिली की तिची उत्तरे, हे एकदा तपासून घ्यावे. आपल्या साक्षीदार स्त्रीच्या बाबतीत ‘तोल’ हेच बरोबर आहे, याविषयी मला शंका नाही.

तागडी

‘दुसरी बाजू’ यांचा पहिला मुद्दा मान्य. दुसराही बराचसा मान्य, परंतु खेळाच्या वर्णनांत हा शब्द पुरुषांनाही सढळ हाताने लावला जातो, एवढे नोंदवतो.

उच्चाराबद्दल कोणी विचारले नाही, तरी सांगून ठेवतो : शेवटचा ‘ज’ हा ‘जरा’मधला आहे, ‘जग’मधला नव्हे.

नवखा_अनुवादक

सर्वांचे पुन्हा एकदा आभार. वाक्ये अशी बदलली आहेत. साक्षीदार स्त्रीचे ‘जुनी पाटी’ यांनी सुचवले तसेच ठेवले : ‘तासाभराच्या उलटतपासणीत तिचा तोल एकदाही ढळला नाही.’ कंपनीबाबत मूळ वृत्तान्त पुन्हा वाचला, तेव्हा तेथे परवाने मिळाल्याचा आणि माणसे नेमल्याचा स्पष्ट उल्लेख सापडला, म्हणून ‘उतरण्याच्या तयारीत आहे’ असे लिहिले. ‘चिन्हे आहेत’ म्हटले असते तर ते त्यांच्यावर अन्यायाचे झाले असते.

कपापाशी मात्र बराच वेळ अडलो. ‘तोललेला होता’ असे लिहिले, तर कोणी तरी मुद्दाम तोलून ठेवल्यासारखे वाटते; ‘पडायच्या बेतात होता’ म्हटले, तर तो पडणार हे आधीच सांगून टाकल्यासारखे होते, आणि कथेत पुढची दोन पाने त्या कपाकडे कोणाचे लक्षच जात नाही. शेवटी ‘कप टेबलाच्या कडेवर कसाबसा तोल धरून होता’ असे लिहून पाठवले. आज मजकूर परत आला. समासात काहीही लिहिलेले नाही. फक्त ‘कसाबसा’ या शब्दावर काट आहे.

जुनी_पाटी

काट योग्य आहे. ‘तोल धरून होता’ यातच ते आले.